त्रेचाळीस सह्यांचा अर्ज

४ नोव्हेंबर

धर्मपालदादानं दिलेली ही डायरी मागच्या वर्षीची आहे. तारखा बरोबर, वार सगळे चूक. दादा म्हणाला, तुझं अक्षर इतकं चांगलं, रोज चार ओळी लिहीत जा. माझ्या अक्षराचं कौतुक केलं की मी लगेच हरभऱ्याच्या झाडावर चढते. सख्खा नसला तरी मावसभाऊ आहे, लहानपणापासून त्याला हे ठाऊक आहे.

आज लिहायला कारणही आहे. पर्सनल ऑफिसातल्या ज्योत्स्ना मॅडमनी दुपारी बोलावलं. ऑक्टोबरात माझे अकरा लेट मार्क झाले, त्यावरून आधी झाडलं. मग म्हणाल्या, मार्चपासून कंपनी शिलाई विभागातल्या सहा जणींना रोलवर घेणार आहे. पीएफ, दवाखान्याचं कार्ड, भरपगारी रजा, सगळं. तुमचं काम पहिल्या तिघींत आहे, पण डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी या तीन महिन्यांत एकही लेट मार्क चालणार नाही.

अंगठ्याची मशीन सात वाजून दहा मिनिटांनी लाल होते. पहिली शहर बस जुन्या नाक्यावरून सहा पन्नासला सुटते आणि तो नाका आमच्या सुजाता नगरापासून तीन किलोमीटर. ती एमआयडीसीच्या फाट्यावर सव्वासातला पोचली तरी ड्रायव्हरला नमस्कार करावासा वाटतो. शेअर ऑटो भरल्याशिवाय हलत नाही. रागिणी माझ्यानंतर लागली आणि गेल्या वर्षीच रोलवर गेली. ती राजापेठेत राहते, स्कूटीवर येते. कॉलर मी तिच्यापेक्षा चांगली लावते. हे ती स्वतःच सांगते, म्हणून तिच्यावर धड रागावताही येत नाही.

आठ वर्षांपूर्वी आम्हीही राजापेठेच्या मागेच राहायचो. रस्ता रुंद करायचा म्हणून वस्ती उठवली आणि इथं घरं दिली. घर पक्कं, नळ दारात, कुणाला नावं ठेवायला जागा नाही. मायची चार घरची धुणीभांडी मात्र तिकडेच राहिली.

१० नोव्हेंबर

आज विहारात वंदनेनंतर मी उभी राहिले आणि बोलले. सकाळी सहाला सुजाता नगरातून राजापेठेवरून एमआयडीसीला बस सुटावी, असा अर्ज करू म्हटलं. बाया एकदम बोलायला लागल्या. प्रत्येकीची एकेक नोकरी हुकलेली. शेवटी दादानं हात वर केला तेव्हा शांतता झाली.

सुजाता नगरात फॉर्म कुणी भरत नाही. फॉर्म धर्मपालदादा भरतो, आपण सही करतो. घरकुल, रेशन, पोरांची स्कॉलरशिप, मायची निराधार योजना, सगळं त्याच्या विहाराशेजारच्या दुकानातून झालं. विधवा बायांकडून त्यानं कधी दमडी घेतली नाही. तो म्हणाला, अर्ज तू लिही, बस ऑफिसात मी स्वतः नेऊन देतो.

मी तिथंच सतरंजीवर बसून अर्ज लिहिला. त्रेचाळीस सह्या झाल्या. माय भाजी टाकून तशीच आली होती. साक्षरतेच्या वर्गात शिकलेली सही ती फार सावकाश करते, मागं रांग लागली. बेबीताई म्हणाली की पंचफुलाबाईची सही होईपर्यंत बस येऊन निघून जाईल. माय हसली पण घाई केली नाही. 'पंचफुला' लिहून झाल्यावर कागदावर तिच्या बोटाची हळद लागली. मी चिडले, सुंदर अर्जावर डाग. मायनं अर्जाकडं बघून म्हटलं, बस आली का मी पुन्हा राजापेठेत कामाले जाईन.

१२ नोव्हेंबर

दादाला अर्जाबरोबर एक यादी हवी होती. नाव, वय, आधार, कोणती कंपनी, कोणतं गेट, मशीनवर किती वर्षं, काय काय शिवता येतं. मी विचारलं, कॉलर कुणाला लावता येते हे बसला कशाला पाहिजे? तो हसला. सरकारी कामात माहिती जास्तीची दिलेली बरी, एकदा दिली की पुन्हा चकरा नाहीत.

बरोबरच आहे. पट्टीनं रेघा मारून चार पानं केली. खाडाखोड एक नाही.

१९ नोव्हेंबर

बेबीताई मशीनवर माझ्या शेजारी बसते आणि घरीही शेजारीच राहते, त्यामुळे तिच्यापासून सुटका नाही. आज धागा ओवता ओवता तिनं विचारलं, अर्जाची पोच पाहिली का तू? शिक्का मारलेली प्रत? मी म्हटलं, दादाच्या फायलीत आहे. पाहिली का, ती पुन्हा म्हणाली. मला राग आला. ज्या माणसानं तुमच्या पोराची स्कॉलरशिप आणली त्याला पोच मागता का, असं तिला सुनावलं.

संध्याकाळी मी दादाला सहज विचारलं. म्हणाला, निवडणुकीची आचारसंहिता आहे, ती संपली की फाईल हलेल. पोचेचं मग विचारायचं राहून गेलं.

२७ नोव्हेंबर

ज्योत्स्ना मॅडम लाइनवरून जाताना थांबल्या आणि म्हणाल्या, "अक्षर फार सुंदर आहे हो तुमचं." दिवसभर मी हवेत. त्यांनी कुठं पाहिलं असेल? दोन वर्षांपूर्वीचा माझा नोकरीचा अर्ज काढला असेल बहुतेक. म्हणजे रोलवर घ्यायचं चाललंय तर.

३० नोव्हेंबर

दादा या महिन्यात तिसऱ्यांदा अकोल्याला गेला होता, तो आज गाडी घेऊन आला. चाळीस सीटची मोठी गाडी, अकोला पासिंग, एमएच तीस. वस्तीतली पोरं चाकांना हात लावून बघत होती. बस येईपर्यंत कुणाचा खाडा नको म्हणून त्यानं ही सोय केली. उद्या रविवार, परवापासून सुरू. बरोबर सहाला विहारासमोरून सुटणार. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी लपवलं नाही.

गाडीत बसायला एक फॉर्म आहे. दोन पानं. पहिलं मराठीत, नाव-गाव-पत्ता. दुसरं इंग्रजीत, बारीक अक्षरात. मी बी. ए. आहे, पण माझं इंग्रजी ट्रान्सपोर्ट आणि इन्शुरन्सपर्यंत नीट चालतं, पुढं धापा टाकतं. "थ्रू द एजन्सी" असं काहीतरी तीनदा होतं. दादाला विचारलं. म्हणाला, अपघात विम्याचा नमुनाच तसा असतो, एकेकीच्या नावानं नाही काढता येत, म्हणून आपण एजन्सी काढली. सुगत सर्व्हिसेस. नाव छान आहे.

त्याच्याकडं वेळ नव्हता, म्हणून चाळीस जणींचे फॉर्म मी भरले. कुठं सही करायची तिथं पेन्सिलीनं फुली मारून ठेवली. सगळ्या जणी येऊन फुलीवर सही करून गेल्या. माणिकबाईनं विचारलं, "यात काय लिवलं वं?" मी म्हटलं, "गाडीचं आहे, माणिकबाई. करा."

२ डिसेंबर

सहा अडतीसला गेटवर! सिक्युरिटीवाल्यानं घड्याळ पाहिलं, मग मला पाहिलं. दोन वर्षांत पहिल्यांदा कॅन्टीनचा पहिला चहा प्यायले. तो फार पातळ असतो, इतके दिवस आमच्यासाठीच पातळ करतात असं वाटायचं.

३१ डिसेंबर

एक लेट मार्क नाही. दादानं मला गाडीची इन्चार्ज केलंय. सकाळी दारात उभी राहून नावं वाचते आणि आलेल्यांवर खूण करते. बेबीताई मला 'कंडक्टरीणबाई' म्हणते. रागिणीनं मात्र आज विचित्रच सांगितलं, की पर्सनल ऑफिसात तुझ्या अक्षरातली यादी आहे, रेघा मारलेली, तिच्यावर फुल्या करतात. मी म्हटलं, गाडीची असेल. ती म्हणाली, असेल. या महिन्याच्या पगाराच्या चिठ्ठीवर वर कंपनीचं नाव नव्हतं, सुगत सर्व्हिसेस होतं. दादा म्हणतो, कागदपत्र सोपं पडतं.

१६ जानेवारी

आज मी एक गोष्ट केली, ती मला आवडली नाही. माणिकबाईचा गुडघा सुजतो, मशीनवर ती मागं पडते. काल दादानं सांगितलं, उद्यापासून तिचं नाव वाचू नकोस. ती आली आणि दारात उभी राहिली. मी यादी वाचली, तिचं नाव सोडून. तिनं काही विचारलं नाही. गाडी सुटल्यावर मागच्या काचेतून ती दिसत होती, हातात डबा.

दुपारी ती ऑटोनं गेटवर येऊन गेली म्हणे. आधीसारखं थेट काम मागितलं. वॉचमननं सांगितलं, सुजाता नगरच्या बाया आता गाडीतूनच घेतात, दुसऱ्या कुणाला नाही. वॉचमनचा काहीतरी गैरसमज झाला असणार. दादाशी बोलायला हवं. फेब्रुवारी संपू दे, मग बोलते.

बसचं विचारलं. फाईल पुढं गेली आहे म्हणाला.

२८ फेब्रुवारी

तीन महिने. एकही नाही. मायनं शिरा केला आणि शेजारीपाजारी वाटून टाकला, अजून यादी लागलीही नाही. तिला म्हटलं, थांबायचं तरी. ती म्हणाली, तुले नाही घेतील तं कोनाले घेतील.

१ मार्च

नाव नाही.

सहा जणी घेतल्या. तिघी राजापेठच्या, दोघी बडनेऱ्याच्या, एक कुठली माहीत नाही. सुजाता नगरातली एकही नाही. आधी वाटलं, टाईप करताना नाव गळलं असेल.

ज्योत्स्ना मॅडमकडं गेले. त्यांनाच नवल वाटलेलं दिसलं. म्हणाल्या, "पौर्णिमा, तुम्ही तर डिसेंबरपासून कंपनीत नाहीच. तुम्ही राजीनामा देऊन एजन्सीकडं गेलात. सही आहे तुमची." आणि त्यांनी ते दुसरं पान काढून दाखवलं. पेन्सिलीची फुली अजून दिसत होती. मॅडमनी बोटानं एकेक ओळ मराठीत वाचून दाखवली. कंपनीकडं माझं काही मागणं नाही. यापुढं माझं काम एजन्सीमार्फत. एजन्सी केव्हाही बदली माणूस देऊ शकेल.

मी म्हटलं, हे गाडीचं आहे. मॅडमनी पान फायलीत परत ठेवलं. मग म्हणाल्या, बाकीच्यांचे फॉर्मही तुमच्याच अक्षरात आहेत, आम्हाला वाटलं तुम्हीच समजावून सांगितलं असेल.

घरी येऊन मायला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, शिरा तं वाटून झाला.

३ मार्च

अजूनही मनात होतं की दादालाही कंपनीनं फसवलं असेल. म्हणून फॉर्मची प्रत मागायला दुकानात गेले. तो अकोल्याला होता, दुसरी गाडी आणायला. त्याची बायको दीक्षावहिनी बसली होती. ती गिऱ्हाइकाचं आधार काढत होती, म्हणाली, मागच्या रॅकमध्ये बघ, नावं आहेत फायलींवर.

'बस' लिहिलेली फाईल पातळ होती. त्यात पोच असेल म्हणून आधी तीच उघडली.

आत माझा अर्ज होता. झेरॉक्स नाही, खराखुरा. निळ्या पेनचा. त्रेचाळीस सह्या, आणि मधल्या एका सहीशेजारी मायच्या बोटाची हळद. घडीसुद्धा पडली नव्हती. तो दुकानातून बाहेरच गेला नव्हता. बाहेर गेली होती ती माझी रेघा मारलेली चार पानं.

वहिनी मागून आली, तिनं अर्ज पाहिला आणि हळूच म्हणाली, "मले वाटलं तुले माईत आहे. गाडीची इन्चार्ज तूच होती ना."

सगळ्या वस्तीला हेच वाटत असणार.

४ मार्च

दादाशी बोलले. विहाराच्या पायरीवर बसला होता. मी भांडायचं ठरवून गेले होते, पण नुसता अर्ज पुढं केला. त्यानं अर्ज ओळखला. खोटं बोलला नाही, हे लिहायला हवं.

"बस आली असती काय, खरं सांग," तो म्हणाला. "आठ वर्षं झाले आपल्याले इथं आनून टाकलं. कोनी फिरून पाह्यलं? तुमची यादी घेऊन मी कंपनीत गेलो, त्यायनं मले खुर्ची दिली. जिंदगीत पहिल्यांदा कोन्या साहेबानं मले खुर्ची दिली. आज साठ बाया कामाले जाऊन राहिल्या."

मी म्हटलं, माझी नोकरी गेली.

"तुझी एकटीची गेली. तुले तं उद्या मी सुपरवायझर करतो."

"माणिकबाईची?"

त्यानं चपला पायात सरकवल्या. मग म्हणाला की इतकी वर्षं वस्तीचे फॉर्म फुकट भरले, तेव्हा कुणी विचारलं नाही की धर्मपाल, तुझं घर कसं चालते. यात खरं असेल. मला त्याच्यावर दया आली आणि त्या दयेचाच जास्त राग आला. मी विचारलं, मला सांगितलं का नाही? सांगून विचारलं असतंस तर कदाचित हो म्हटलं असतं.

"तुले सांगतलं असतं तं तू फॉर्म नसते भरले," तो म्हणाला. "अन् बायायनं सही तुया तोंडाकडं पाहून केली, माया नाही."

हे ऐकल्यावर मी उठून आले. त्यानं मला फसवलं, हे एक वेळ पचेल. पण त्यानं फसवायला माझं अक्षर वापरलं.

६ मार्च

अर्ज माझ्याकडं आहे. सह्या आहेत. तारीख तेवढी बदलून बस ऑफिसात दिला तर कुणी काही म्हणणार नाही. काल दिवसभर हाच विचार. त्रेचाळीस सह्या पुन्हा मिळणार नाहीत, कारण गाडी दादाची आणि काम गाडीचं. त्याच्या विरुद्ध दिसलं की दुसऱ्या दिवशी नाव वाचलं जाणार नाही. ते न वाचायचं काम मीच करून दाखवलंय.

पण न विचारता त्या सह्या दिल्या, तर मी आणि दादा यात फरक काय राहिला?

म्हणून आज अर्ज आणि पेन घेऊन दारोदार गेले. प्रत्येक दारात आधी ते इंग्रजी पान मराठीत वाचून दाखवलं आणि सांगितलं, हे मी तुम्हाला नीट न वाचता सही करायला लावलं, चूक माझी. मग म्हटलं, हा अर्ज मी बस ऑफिसात देणार आहे. ज्यांना नको असेल त्यांनी आपल्या हातानं आपलं नाव खोडावं.

एकीनं नाव खोडलं आणि दार लावून घेतलं. एकीनं शिव्या देत खोडलं, त्या शिव्या मला लागू होत्या. बहुतेकींनी नुसतं खोडलं. नाव खोडताना बाया फार हळू खोडतात, हे मला आज कळलं.

बेबीताईकडं शेवटी गेले. तिनं पेन घेतलं आणि इतकं दाबून खोडलं की कागद फाटला. "तू म्हटलं इथं कर, मी केली," ती म्हणाली. "मी तुले पोच इचारली होती, पौर्णिमा. तवा तू मले बोलली." मी फाटलेला कागद सरळ केला. ती पुढं म्हणाली, "दोन पोरं आहेत मले. बस पायजे. पन सही नाही देत."

८ मार्च

महिला दिन. कंपनीनं गुलाबाची फुलं वाटली म्हणे. दादाचा सत्कार झाला, ग्रामीण व वस्तीतील महिलांना रोजगाराशी जोडल्याबद्दल. रागिणीनं फोटो पाठवला. खुर्ची खरंच दिली होती.

मी गेले नव्हते. काल सकाळी गाडीच्या दारात नवी मुलगी यादी घेऊन उभी होती. तिनं माझं नाव सोडून वाचलं. मीही तिला काही विचारलं नाही.

१० मार्च

नाक्यापर्यंत चालत, मग बसनं बस ऑफिसात गेले. आवकच्या खिडकीवर चष्म्याची दोरी गळ्यात घातलेले एक वयस्क बाबू होते. त्यांनी अर्ज उलटसुलट पाहिला. म्हणाले, हे काय आणलं, नुसती खाडाखोड. चांगला लिहून आणा.

मी म्हटलं, असाच द्यायचा आहे.

त्यांनी मोजलं. तीन सह्या उरल्या होत्या. माझी, मायची आणि माणिकबाईची. तिघींनाही आता गमवायला काही नाही. बाबूंनी रजिस्टर ओढलं आणि विचारलं, "प्रवासी किती लिहू? तीन?"

"त्रेचाळीस लिहा."

"सह्या तर तीनच आहेत."

"सह्या तीन आहेत, साहेब. सकाळी कामाले जानाऱ्या त्रेचाळीस आहेत."

त्यांनी चष्मा नीट केला. मग परत अर्जाकडं पाहिलं. खोडलेली नावं रेघेखालून वाचता येत होती, त्यांनी बोट फिरवून दोनचार वाचलीही. त्रेचाळीस लिहिलं की नाही ते मला खिडकीतून दिसलं नाही. बस येईल असं ते म्हणाले नाहीत, मीही विचारलं नाही. पण शिक्का मारला, वर आवक नंबर घातला, तारीख घातली. मी प्रत काढून आणली नाही म्हटल्यावर त्यांनीच आतल्या मशीनवर काढून दिली. हळदीचा डाग झेरॉक्समध्ये काळा आला.

वस्तीत झेरॉक्सचं दुकान एकच. तिथं गेले. दादा स्वतः बसला होता. मी पोच पुढं केली आणि एक प्रत काढायला सांगितली. त्यानं शिक्का वाचला, तारीख वाचली, खोडलेली नावं वरपासून खालपर्यंत वाचली. मग मशीनवर कागद ठेवला. प्रत निघाली, ती त्यानं माझ्यापुढं केली.

मी माझा कागद उचलला आणि प्रत तिथंच राहू दिली.

"ही तुझ्यासाठी," मी म्हटलं. "बसच्या फायलीत ठेव. तिच्यात पोच नव्हती."